समुद्राचे वेळापत्रक

समुद्रकाठच्या सुट्टीत सुख आणि त्रास एकाच बिऱ्हाडात राहतात. ज्या वाऱ्याने जीव सुखावतो, तोच डोळ्यांत वाळू उडवतो. ज्या पाण्यात मनसोक्त डुंबावे, तेच अंगावर सुकून मिठाने कातडी ओढून धरते. अलिबागला मला खरा जाच झाला तो भरती-ओहोटीचा. तेथील कुलाबा किल्ला पाण्यात उभा. ओहोटीला मात्र पायी जाता येते. मी जन्मभर शाळेच्या घंटेवर चाललेला माणूस, आणि हा समुद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येणार! काल ९ वाजता उघडी पडलेली वाट आज ९ वाजता पाण्याखालीच. पण चिडून काय करणार? जो चंद्राच्या तालावर चालतो, त्याला माझी घंटा कशी ऐकू यावी?

वाट मोकळी होताच किल्ल्यात गेलो. तेथील तटाच्या प्रचंड दगडांमध्ये चुना भरलेला नाही. लाटेचे पाणी फटींत शिरते, तिचा जोर मोडतो आणि तट शाबूत राहतो. मुलांनो, प्रवासात मनालाही अशा थोड्या फटी असाव्यात. मग त्रास आत शिरला, तरी ओसरून जातो.