सांगाड्याच्या शोधात

निपाणीला रेल्वे नाही. तंबाखू आहे, बिड्या आहेत, राष्ट्रीय महामार्ग आहे. पण आगगाडीची शिटी ऐकायची तर बेळगाव किंवा कोल्हापूर गाठावे लागते. अशा गावच्या, त्यातून वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वाफेचे छोटे इंजिन करायला घ्यावे, याचे वाचकांना हसू येईल. मलाही येते.

पण आमच्या घरात इंजिन माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. आज्जा (हा शब्द या अंकाच्या मराठी आणि कन्नड, दोन्ही विभागांत चालावा) मीटरगेजच्या काळात मिरज-हुबळी मार्गावर फायरमन होता. 1990 च्या दशकात हा मार्ग रुंद झाला. आज्जाची नोकरी डिझेलवर संपली, बोलणे मात्र कोळशावरच राहिले. गेल्या दोन वर्षांत काचबिंदूने त्याची नजर बरीचशी नेली आहे. राहिलेली जाण्याआधी खरी वाफ सोडणारे एखादे इंजिन त्याच्यासमोर टेबलावर चालावे, असे माझ्या मनात आले.

नववीच्या सहलीत पुण्याला कोथरूडमधले जोशी यांचे लघु-रेल्वे संग्रहालय पाहिले होते. ते 1998 साली उघडले. तिथल्या गाड्या विजेवर पळताना पाहून मी थक्क झालो होतो. पण आज्जाला विजेचे काय कौतुक? त्याला आग आणि पाणी हवे.

दिवाळीत एका अडत दुकानाच्या वह्या लिहून 4,000 रुपये मिळाले होते. त्यातून सिलिंडरांची जोडी टपालाने मागवली. ही सिलिंडरे स्वतःच मागेपुढे डुलतात आणि डुलताना वाफेचे भोक उघडतात-मिटतात. वेगळ्या झडपा लागत नाहीत. तांब्याच्या नळीचा बॉयलर जाणत्या माणसाकडून चांदीचे डाग देऊन करून घेतला, वर सेफ्टी व्हॉल्व्हही बसवला. मला वाटले, काम संपत आले. आज्जा म्हणाला, "बॉयलर कुनीबी करंल. खालची फ्रेम सरळ पायजे."

तिथून सांगाड्याचा शोध सुरू झाला. (आजीने "सांगाडा" ऐकून आधी चुलीपुढचा चिमटाच उगारला होता. तेव्हापासून घरात फ्रेम म्हणतात.)

हिशेब सोपा होता. मीटरगेज म्हणजे 1000 मिलिमीटर. हौशी लोकांच्या रुळांत 45 मिलिमीटरचे एक माप आहे. त्यावर मीटरगेजची मॉडेले एकास साडेबावीस या प्रमाणात बसतात. आज्जाच्या मालगाडीच्या वायजी इंजिनाची मोठी चाके आठ, प्रत्येकी चार फुटांची. म्हणजे माझ्याकडे 54 मिलिमीटरची आठ चाके एका सुरात फिरायला हवीत. हे आवाक्याबाहेरचे होते. यार्डात डबे ढकलणारे चार चाकांचे इंजिन करायचे ठरले.

कोल्हापूरला जत्रेत बॅटरीवरची आगगाडी घेतली. चाके छान, पण सांगाडा प्लॅस्टिकचा. खाली स्पिरिटचा दिवा पेटवल्यावर दोनच मिनिटांत तिचा पापड झाला. मग भोके पाडलेल्या पट्ट्या आणि नटबोल्टांचा मुलांचा खेळ आणला. पट्ट्या पोलादी होत्या, पण भोके सैल. अॅक्सल डोलत होते. परदेशी तयार सांगाड्याची किंमत पाहिली आणि ती खतावणीत कोणत्या बाजूला लिहायची याचाच विचार करत बसलो.

शेवटी बेळगावच्या उद्यमबागेत गेलो. फाउंड्र्या आणि लेथची ही वसाहत आपल्या महाविद्यालयातल्या कितीजणांनी आतून पाहिली असेल? एका शेडमधल्या मिस्त्रीसमोर उभा राहिलो. माझे कन्नड गल्लीतले, वाचायला कधी न शिकलेले. सायकलमध्ये हवा भरताना "गाळी हाक्रि" म्हणायचे, तो शब्द तोंडात बसलेला. मी ऐटीत म्हणालो, "अण्णा, नाक गाळी बेक्रि." त्याने मान वर न करता कोपऱ्यातल्या कॉम्प्रेसरकडे बोट दाखवले. "तगो, तमा." सारी शेड हसली. चाक म्हणजे गाली, गाळी म्हणजे वारा. मी चार वारे मागत होतो.

त्या हसण्यामुळेच काम झाले असे मला वाटते. त्याने 3 मिलिमीटरची पट्टी घेऊन दोन तुकडे केले, एकावर एक ठेवून वाइसमध्ये आवळले आणि दोन्हींतून ड्रिल एकदम पार नेले. वेगवेगळी भोके पाडली तर केसभर फरक पडतो आणि अॅक्सल तिरके बसतात. चाकांना जोडणाऱ्या साइड रॉडची भोकेही त्याने त्याच पट्टीवरून घेतली. गोल सळईतून 40 मिलिमीटरची चार चाके कातून दिली. अॅक्सलवर ती बसवताना एक गोष्ट सांभाळावी लागते: डाव्या बाजूची क्रँकपिन उजवीच्या काटकोनात हवी, म्हणजे एक बाजू टोकाला जाऊन अडली तरी दुसरी तिला ओढून नेते. हे मी करतो म्हणालो. सगळेच त्याने करायचे तर इंजिन माझे कसे?

सिलिंडरे चढवली, सांगाडा ठोकळ्यावर ठेवला आणि आधी वाऱ्यावर चालवून पाहिले. होय, गाळीवर! चाके अधांतरी खडखडली. मिस्त्रीने फक्त 900 रुपये घेतले. व्यवहार म्हणून हे चूक आहे, हे मी त्याला सांगितले नाही.

रात्री निपाणीला पोचलो तेव्हा आज्जा जागा होता. त्याने सांगाडा मांडीवर घेतला, एक बोट साइड रॉडवर ठेवून चाक हळूहळू फिरवले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा थांबला.

"हितं धरतंय बघ. डावं चाक सरकलंय."

मी भिंगातून पाहिले. मला काही दिसले नाही. काटकोन्या लावल्यावर दिसले.

शनिवारी चाक उपसून पुन्हा बसवायला उद्यमबागेत जायचे आहे. आज्जाही बरोबर येणार आहे. त्या मिस्त्रीशी त्याला कन्नडात बोलायचे आहे.