चार तासांची काटकसर

जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासून मी निवृत्त झालो, तेव्हा यापुढे कुणाच्या जमाखर्चात नाक खुपसायचे नाही असा निश्चय केला होता. पण पुण्यात आम्ही राहतो त्या सोसायटीतल्या मंडळींनी पहिल्याच सभेत मला खजिनदार केले. (मी ‘नको, नको’ म्हटले, पण फार मोठ्याने नाही.)

सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे. मी पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला माणूस. पाणी गाळण्यासाठी पंप रोज ८ तास चालतो हे वाचून मी चष्मा पुसला. २ अश्वशक्तीचा पंप, तासाला सुमारे दीड युनिट. वेळ निम्मी केली तर महिन्याला १८० युनिटे वाचतात! त्याच दिवशी फर्मान काढले : पंप ४ तास, आणि तोही रात्री. दिवसा घरघर नको.

तलावाची निगा राखणारा मुलगा डोके खाजवत म्हणाला, “काका, थंडीत चाललं असतं. या उन्हात पाणी टिकायचं नाही.”

मी त्याला आकडे दाखवले. तो गप्प बसला.

आठवडाभर काहीच झाले नाही, मी सौ.समोर मिशांवरून हात फिरवून घेतला. मग काठाच्या फरश्या बुळबुळीत लागू लागल्या. “अहो, पाणी ताकासारखं दिसतंय,” सौ. म्हणाली. “उजेडाचा खेळ आहे,” मी म्हणालो.

रविवारी नातू आला. वय वर्षे ९. पाण्यात नाणे टाकायचे आणि बुडी मारून वर आणायचे, हा त्याचा आवडता खेळ. मी काठावर खुर्ची टाकून बसलो होतो. त्याने बुडी मारली आणि मी पाण्याकडे पाहिले. आत काहीच दिसेना. नुसता पांढुरका पडदा. हाक मारली, ती पाण्याखाली कुठून ऐकू जाणार? जन्मभर मोजत आलेल्या मला त्या वेळी सेकंद मोजता आले नाहीत. मी उठेपर्यंत त्या मुलाने अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घेतली होती.

नातू पार पलीकडच्या टोकाला वर आला. “आजोबा, सापडलं!”

मी त्याला जवळ घेतले की धपाटा घातला, ते आठवत नाही. सौ. म्हणते, दोन्ही.

“तळाची जाळी दिसेनाशी झाली की तलाव बंद ठेवायचा असतो, काका,” तो मुलगा निथळत म्हणाला. “कालच सांगणार होतो.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही परत आकडे दाखवले असते.”

त्या रात्री मी खरा हिशेब मांडला. तलाव १२ मीटर लांब, ६ रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल. म्हणजे ९०,००० लिटर पाणी. पंप तासाला १५,००० लिटर ओढतो. म्हणजे तलावभर पाणी ओढायलाच ६ तास हवेत. बरे, गाळलेले पाणी वेगळ्या भांड्यात थोडेच पडते? चहा गाळून पुन्हा त्याच पातेल्यात ओतावा, तसा हा प्रकार. त्यामुळे ६ तासांनीही सुमारे ६३ टक्केच पाणी गाळणीतून गेलेले असते. माझ्या ४ तासांत तर निम्मेसुद्धा नाही. शिवाय गाळणीतल्या वाळूत घाण साचली की पंपाची ओढ कमी होते, म्हणून २ तास वरचे. आणि रात्रीची वेळ? ऊन क्लोरीन खाऊन टाकते, शेवाळ उन्हातच माजते, माणसे दिवसाच पोहतात. मी नेमका तेव्हाच पंप झोपवला होता. थंडीत तलाव रिकामा असताना वेळ कमी करता येते, हे त्या मुलाला ठाऊक होते. माझ्या वहीत ऋतूंचा रकानाच नव्हता.

तलाव ४ दिवस बंद ठेवून पंप रात्रंदिवस चालवावा लागला. वाचवलेल्या युनिटांपैकी बरीचशी त्यातच गेली. आता पंप सकाळी ४ आणि दुपारनंतर ४ तास चालतो, आणि सकाळच्या फेरीत मी आधी तळाची जाळी पाहतो.

परवा सभेत एका गृहस्थांनी विजेचे बिल फडकावून विचारले, “खजिनदार, पंप ५ तास चालवला तर काय बिघडेल?”

मी त्यांना तलावावर नेले, खिशातला रुपया काढला आणि खोल बाजूला पाण्यात टाकला. “दिसतोय का बघा,” म्हटले.