दादासोबत चाललेली दरी

आम्ही कारकून माणूस. आठवडाभर ऑफिसातल्या फायली, रविवारी वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका. आमच्या आयुष्यात परदेश एकदाच आला, २०१४ च्या डिसेंबरात. तोही आमच्या कमाईने नव्हे, दादाने पाठवलेल्या तिकिटावर.

१९८२ च्या संपानंतर वडिलांची गिरणीतली नोकरी गेली, तेव्हा दादा सात वर्षांचा होता आणि आम्ही तीन. पुढे दादाने दहावीनंतर आय. टी. आय. केले. एसी दुरुस्तीचे काम शिकला आणि १९९८ साली ओमान देशात मस्कतला गेला. आमची बी. कॉम.ची फी त्याच पैशातून भरली गेली. फोनवर विचारले की ठरलेले उत्तर यायचे, "मजेत आहे. तू अभ्यास कर."

मस्कतला उतरल्यावर वाटले, दादा उंच इमारती आणि बाजार दाखवील. पण शुक्रवारी सुटी होती. त्याने सोबतच्या मल्याळी मित्राची गाडी मागून घेतली आणि म्हणाला, "चल, तुला दरी दाखवतो."

निझवा शहर मागे टाकले, अल हमरा गाव गेले आणि पुढे घाटाचा रस्ता चढू लागला. जबल शम्स म्हणजे सूर्याचा डोंगर. उंची सुमारे तीन हजार मीटर. आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. त्याच्या कुशीत वादी घूल नावाची दरी आहे. वादी म्हणजे एरवी कोरडी असणारी नदी. पाऊस क्वचित पडतो, पण पडला की लोंढा येतो. अशा लोंढ्यांनी लाखो वर्षे चुनखडीचा खडक कापून ही दरी केली आहे. खोली सुमारे एक हजार मीटर. एके काळी हा खडक समुद्राच्या तळाशी होता, असे दादाने सांगितले. आम्ही त्याच्याकडे पाहतच राहिलो. आम्हाला शिकवण्यासाठी ज्याने शाळा सोडली, तो आम्हाला भूगोल शिकवत होता!

अल खितैम या छोट्या वस्तीपासून पायवाट सुरू होते. तिथे बाया शेळीच्या केसांच्या विणलेल्या वस्तू विकत बसल्या होत्या. दगडांवर रंगाच्या पट्ट्या मारलेल्या. त्या पाहत चालायचे. जाताना चारेक किलोमीटर, येताना तेवढेच. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी. खाली पाहिले आणि आमचे पाय लटपटले. दादा दरीच्या बाजूने चालू लागला आणि आम्हाला कड्याच्या बाजूला घेतले. लहानपणी रस्ता ओलांडताना तो असेच करायचा.

चालता चालता तो बोलू लागला. समोर चेहरा नसला की माणूस मोकळा बोलतो. पहिल्या कंपनीने पासपोर्ट काढून घेतला होता, तीन महिने पगार दिला नव्हता. एका खोलीत आठ माणसे. उन्हाळ्यात गच्चीवर एसीचे काम करताना पाना हातात धरवत नसे, फडके गुंडाळून धरायचा. "तेव्हा का नाही सांगितलंस?" आम्ही विचारले. "सांगून काय झालं असतं? तू परीक्षा सोडून बसला असतास," तो म्हणाला.

वाटेच्या शेवटी अस साब नावाचे ओसाड गाव लागले. कड्याच्या पोटात दगडमातीची घरे, पुढे पायऱ्यापायऱ्यांची शेते. एवढ्या उंचावर कड्यातून झिरपणाऱ्या पाण्यावर माणसे शेती करून राहिली आणि काही दशकांपूर्वी उठून गेली. सावलीत बसून आम्ही घरून नेलेली सुकटीची चटणी आणि चपात्या खाल्ल्या. एक शेळी वाट्याला आली, तिलाही चपाती मिळाली.

दादा एका पडक्या भिंतीला हात लावून उभा होता. म्हणाला, "सोळा वर्षं झाली मला इथं. आता परत यावंसं वाटतं. आईजवळ राहीन. काय म्हणतोस?"

वाचकहो, आम्ही काय उत्तर दिले ते इथे लिहिणे भाग आहे. नव्या खोलीचे हप्ते डोळ्यांपुढे आले. आम्ही म्हणालो, "दादा, अजून दोन वर्षं काढ. हप्ते फिटू देत." तो "बरं" म्हणाला, पाण्याची बाटली आमच्या हातात दिली आणि परतीला लागला.

येताना निझव्याला फलज दारिस हा पाण्याचा पाट पाहिला. २००६ साली युनेस्कोने ओमानच्या ज्या पाच फलजांना जागतिक वारसा म्हटले, त्यांतला हा एक. डोंगराकडचे पाणी केवळ उताराने गावात येते. आधी पिण्यासाठी, मग शेतीला. शेतीचे पाणी वेळेच्या वाट्याने वाटतात. पूर्वी दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून वेळ मोजत. दादा पाटात पाय सोडून बसला. म्हणाला, "इथं प्रत्येकाची पाळी ठरलेली असते बघ." तो पाण्याविषयीच बोलला. आम्हाला मात्र ते लागले. आमच्या घरात त्याची पाळी कधी आलीच नव्हती.

२०१५ साली आई गेली. सुटी आणि तिकीट मिळून दादा पोहोचला तो तिसऱ्या दिवशी. आम्हाला एक शब्दही बोलला नाही. त्यानेच आमच्या पाठीवर हात ठेवला. २०१७ साली तो कायमचा परत आला. आता गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. अभ्यासिकेतल्या मुलांना तो ती दरी सांगतो, समुद्राच्या तळाचा खडक सांगतो. मुले तोंड उघडी टाकून ऐकतात. आम्ही मागे बसून ऐकतो.

ऑफिसात आम्ही जमाखर्च नीट मांडतो. घरातला मांडायला मात्र उशीर झाला. आपल्यापैकी अनेकांच्या घरचे कुणी ना कुणी आखातात आहे. त्यांचा फोन आला तर पैशाचे नंतर बोला. आधी विचारा, "परत यावंसं वाटतं का?" आणि उत्तर "हो" आले, तर हप्त्यांचा हिशेब आपण करू, त्यांना करायला लावू नका.