वऱ्हाडातून दोन पत्रे

अकोला

ती. आईस, सलाम.

इथल्या उन्हाची ख्याती खोटी नाही. १८८० च्या दशकात मार्कस आणि जेनी फुलर हे अमेरिकन मिशनरी जोडपे याच उन्हात येऊन राहिले. हिंदी स्त्रियांच्या हालांवरचे जेनीबाईंचे पुस्तक १९०० साली निघाले. त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची.

त्याच सुमारास दुष्काळाने वऱ्हाड होरपळला. अलायन्स मिशनने अकोल्यात मुलांचे आणि खामगावात मुलींचे अनाथालय चालवले. त्या पोरांतली कित्येक पुढे शिक्षक, उपदेशक, बायबलबाई झाली. मिशनऱ्याचे खरे काम हेच, आपल्यामागे काम करणारी माणसे उभी करणे. अडचण एवढीच की पगार मिशनचा होता आणि हुकूम साहेबाचा.

हेन्री व्हेन या इंग्रज मिशन-चिटणीसाने एकोणिसाव्या शतकातच बजावले होते की मंडळीने आपला खर्च, कारभार आणि प्रसार स्वतः सांभाळावा. फार थोड्यांनी ते मनावर घेतले. तू रविवारी ज्यांची भजने म्हणतेस त्या ना. वा. टिळकांनी मात्र १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ नावाचा स्वतंत्र भक्तमेळा मांडला.

अमरावती

ती. आईस, सलाम.

परतवाडा ओलांडला की मेळघाटाचा घाट लागतो आणि कानावर कोरकू पडू लागते. जॉन ड्रेक या मिशनऱ्याने या भाषेचे व्याकरण लिहिले. ते १९०३ साली कलकत्त्यात छापले गेले. उपदेशकाला लोकांच्या बोलीतून बोलता यावे, यासाठी आधी साहेब स्वतः विद्यार्थी झाला. हे अनाथालयाहून मोठे काम.

यवतमाळची गोष्ट वेगळी. फ्री मेथडिस्ट मिशनच्या तिथल्या बायबल शाळेतून, अनेक मिशनांनी हात दिल्यावर, १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. देशभरचे विद्यार्थी या कापसाच्या गावी येऊन पाळक झाले. पुढे साफिर अथ्याल हे केरळी गृहस्थ प्राचार्य झाले, म्हणजे खुर्चीही इथल्या माणसाकडे आली. पण शिकवणे इंग्रजीतून, आणि १९८३ साली संस्थाच पुण्याला गेली. देशाला पुढारी मिळाले. मेळघाटातल्या धारणीच्या वाडीत कोरकूतून प्रार्थना चालवणारा मात्र तिथे घडणे कठीण.

बाबांना सांग, मंडळीच्या सभेत पोरांना सेवेच्या शिक्षणाला पाठवायचा विषय निघाला, की बाहेरच्या देणगीची वाट पाहू नका. दशमांशातून पैसे काढा, आणि पोरगा परत आपल्याच गावी येईल हे आधी ठरवून घ्या.