दाराला कासरा

तामलवाडीचा टोलनाका मागे टाकून जेमतेम अर्धा किलोमीटर झालं असेल आणि आईच्या बाजूचं दार उघडलं. मी मागे बाईकवर होतो. गाडीत दोनच सीट, त्यामुळे माझी रवानगी सोलापूरपासूनच मागे. दार नुसतं किलकिलं झालं नाही. पुढची कड सुटली, वारा आत शिरला आणि अख्खं दार मागे फेकलं गेलं, कोंबडीने पंख झाडावा तसं. आईचा पदर बाहेर फडफडला. तिने बाबांची कॉलर धरली.

गाडी १९५२ ची एमजी टीडी. साडेबाराशे सीसीचं इंजिन, इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली. एका बंद पडलेल्या वाड्याच्या शेडमधून बाबांनी ती सुटी सुटी आणली. दारं तर खरंच पोत्यात होती. जोडायला नऊ वर्षं लागली. आमच्याकडे नवी गाडी घेतली की पहिली फेरी तुळजापूरची, आणि बाबांच्या लेखी ही नवीच होती. आई म्हणाली, थंडीत जाऊ. बाबांना थंडीपर्यंत दम कुठला? मे महिन्यात, तेही सकाळी साडेदहाला निघालो, कारण गाडी पुसण्यातच नऊ वाजले.

या गाडीची दारं आपल्या गाड्यांसारखी नाहीत. बिजागऱ्या मागच्या कडेला, उघडायची बाजू पुढे. दाराची वरची कड मध्येच खाली उतरलेली, कोपर बाहेर टेकवायला. काच नाही, कुलूप नाही. पत्र्याच्या आत सगळा सांगाडा लाकडाचा, ॲश नावाच्या झाडाच्या. ते लाकूड तिकडच्या ओल्या हवेत वाढलेलं, आपल्या उन्हाळ्यात आकसतं. मग खिट्टी जिथे पूर्ण बसायला हवी तिथे अर्धीच बसते. आवाज मात्र बंद झाल्यासारखाच येतो. साध्या दाराची खिट्टी सुटली तरी समोरचा वारा त्याला दाबून धरतो. इथे तोच वारा दार उपटतो. उगाच नाही अशा दारांना इंग्रजीत आत्महत्येचं नाव पडलं. हे बाबांना माहीत होतं. आईला नव्हतं.

आता उकाड्याचं. उघडी गाडी म्हणजे गार वारा, हा समज सिनेमाने करून दिलेला. आपली त्वचा साधारण पस्तीस अंशांची असते. हवा त्याहून तापलेली असली की वारा अंगातली उष्णता नेत नाही, उलट आणून टाकतो. जो काही गारवा वाटतो तो घाम सुकण्याचा. बाबांनी सोलापूर सोडताच हौसेने पुढची काच आडवी पाडली होती (या गाडीत ती पडते). दहा मिनिटांत दोघांचे चेहरे भट्टीसमोर बसल्यासारखे झाले. बाबांनी गुपचूप काच उभी केली.

पण खरा जाळ खालून होता. पायाखाली प्लायवूडच्या फळ्या, मध्ये गिअरबॉक्स, खालून सायलेन्सरचा पाइप. फळ्यांच्या फटींतून आणि गिअरच्या दांड्याभोवतालच्या भोकातून गरम हवा सरळ पायांवर. गाडी पळते तोवर चालून जातं. टोलनाक्यावर रांग होती. बाबांनी उतरून बॉनेटची एक बाजू उचलली, लोकांनी मोबाइल काढले, एकाने किंमत विचारली. आई बसूनच होती. चपलेतून चटके बसायला लागले तसे तिने पाय वर ओढले आणि हवेसाठी सगळं अंग दाराकडे कलतं केलं, कोपर बाहेर. रांग सुटली तेव्हाही ती तशीच बसली होती.

म्हणजे दार नुसत्या वाऱ्याने उघडलं नाही. उकाड्याने तिला तिकडे ढकललं, तिच्या वजनाने अर्धी बसलेली खिट्टी सुटली. हे मी नंतर जुळवलं. त्या क्षणी मला फक्त पदर आणि मागचं चाक यांमधलं अंतर दिसत होतं.

बाबांनी ब्रेक दाबला आणि तेच दार झोकात पुढे येऊन आपटलं. तिचा हात तिथे असता तर बोटं गेली असती.

रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग बाबा म्हणाले, "दुसरी कडी बसवता येईल गं, पण लाकडाला भोक पाडावं लागेल. ओरिजिनल आहे."

आई म्हणाली, "अहो, मग मी काय डुप्लिकेट?"

ती माझ्या बाईकवर बसली आणि मला मागे फिरवलं. आम्ही येताना तिने एक दुकान पाहून ठेवलं होतं: बैलांचे कासरे, म्होरक्या, गोंडे. तिने एक सुती कासरा घेतला, घासाघीस न करता. परत येऊन एक टोक दाराच्या आतल्या दांड्याला, दुसरं सीटखालच्या लोखंडी पट्टीला बांधलं, ओढून पाहिलं, आणि मगच बसली. माझ्याकडचा पंचा बाटलीतल्या पाण्यात भिजवून तिने पायांवर टाकला. घाट चढून देवीपर्यंत बाबा चाळीसच्या वर गेले नाहीत. मंदिराबाहेर हार घालणाऱ्याने कासऱ्यालाही हळदकुंकू वाहिलं.

बाबांनी पुढचा पावसाळा दुरुस्तीत घालवला. खिट्टी जिथे अडकते त्या पट्टीमागे पितळेच्या पातळ चकत्या घालून पट्टी पुढे घेतली. आता दोन टप्प्यांत टक-टक आवाज येतो, दुसरा ऐकल्याशिवाय दार लागलं असं धरायचं नाही. चामड्याचा एक पट्टाही बसवला, जुन्याच स्क्रूंच्या भोकांत, नवीन एकही न पाडता. गिअरच्या दांड्याला रबरी बूट, फळ्यांच्या फटींत नमद्याच्या पट्ट्या, गालिच्याखाली चकाकती ॲल्युमिनियमची चादर. काम चोख आहे. भोक पाडलं असतं तर अर्ध्या दिवसात झालं असतं, हे माझं मत. मी ते त्यांना सांगितलंही आहे.

आता उन्हाळ्यात निघायचं तर पहाटे पाचला. कासरा अजून तिथेच आहे, चामडी पट्ट्याच्या शेजारी. पुण्याच्या एका प्रदर्शनासाठी बाबांनी तो सोडून ठेवला होता; आईने पार्किंगमध्येच पुन्हा बांधला. गाठ तीच मारते. बाबा स्टार्टरची मूठ ओढतात, इंजिन धरतं, आणि ते पुढे बघत थांबून राहतात. डावीकडून "चला" आल्याशिवाय पहिला गिअर पडत नाही.