परकराची नाडी

धोतराचा कर्करोग ऐकलाय कधी? मुंबईच्या डॉ. वसंत खानोलकरांनी 1945 मध्येच त्याची नोंद केली. धोतर रोज एकाच जागी करकचून बांधले की कमरेची कातडी सतत घासली जाते, व्रण होतो आणि तो वर्षानुवर्षे बरा झाला नाही तर क्वचित कर्करोग होतो. परकराच्या नाडीनेही तसेच होते. वर्ध्याच्या नि बिहारच्या डॉक्टरांनी 2024 मध्ये असे रुग्ण नोंदवले.

इंदूरजवळच्या बेटम्याला दिलेल्या माझ्या मावशीचे तेच झाले. कमरेची जखम कुणाला दाखवायची, म्हणून तिने वर्षभर लपवली. एरवी शस्त्रक्रिया करतात, पण तिच्या हृदयाला ती झेपणारी नव्हती. मग इंदूरला इलेक्ट्रॉन किरण दिले. वाटेत शिशाचा पत्रा, त्याला जखमेहून किंचित मोठे भोक. तीनेक मिलिमीटर शिसे भोवतालची कातडी राखते. सहा एमईव्हीचे इलेक्ट्रॉन शरीरात सुमारे तीन सेंटिमीटरवर थांबतात, त्यामुळे आतडी वाचतात.

मावशीची जखम भरली. पण लाजेपायी गेलेले वर्ष कुठले यंत्र परत देणार? आपल्या घरातल्या बायकांना एकदा विचारा. नाडी रुंद घ्या, सैल बांधा आणि न भरणारा व्रण डॉक्टरांना दाखवा.