पन्नास किलोमीटरची शिदोरी

आष्टी, जि. बीड
जानेवारीअखेर, रविवार

चि. ताई,



परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, पायांची भीती नाही, पोटाची आहे. 30 किलोमीटर झाले की केळं समोर धरलं तरी मळमळतं." शाळा सुटायच्या गडबडीत मी "बोलू नंतर" एवढंच म्हणालो. पण तुझं ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. लोणावळ्याच्या 50 किलोमीटरच्या शर्यतीला अजून चार रविवार हातात आहेत. पोटाची तयारी करायला तेवढे पुरतात, म्हणून आज सगळं सविस्तर लिहितो.

आधी हिशेब. धावताना वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण 1 किलोकॅलरी खर्च होते. तुझं वजन 54 किलो, म्हणजे 50 किलोमीटरला 2,700. यकृत आणि स्नायू मिळून साखरेचा जो साठा धरून ठेवतात, तो चांगलं खाऊन-पिऊन असलेल्या माणसातही 400 ते 500 ग्रॅम, म्हणजे 1,600 ते 2,000 किलोकॅलरी. तुझ्या अंगलटीला त्याहून कमीच. चरबी अंगात भरपूर असते, पण ती ओल्या सरपणासारखी सावकाश पेटते. साखर संपत आली की पाय उचलत नाहीत, डोकं भणभणतं, रडू येतं. तुला 30 किलोमीटरनंतर जे होतं त्यात पोटाइतकाच या रिकाम्या कणगीचाही हात असणार.

आपल्या तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे आपल्याकडच्या प्रत्येक पळणाऱ्या पोराचे आदर्श आहेत आणि असायलाच हवेत. पण त्यांची 3,000 मीटर स्टीपलचेस आठ-सव्वाआठ मिनिटांत संपते. 2020 साली दिल्लीत त्यांनी अर्धमॅरेथॉन 60 मिनिटं 30 सेकंदांत पुरी केली; तेवढ्या वेळाची धाव आधीच्या साठ्यावरच निभावता येते. तू सहा-सात तास रस्त्यावर असणार. तिथे वाटेत खाणं हा धावण्याचाच भाग आहे. पाऊल टाकायला शिकलीस तसं खायलाही शिकावं लागेल.

हे मला फार उशिरा कळलं. आपल्याकडे उपाशी राहून काम करण्याचं मोठं कौतुक. मीही एकादशीला निर्जळी 20 किलोमीटर पळून यायचो आणि ती आपली ताकद समजायचो. खरं तर आपल्या वाटांनी शिकवलेलं वेगळंच होतं. मुक्ताईची पालखी बीडवरून पंढरपूरला जाते, पैठणहून नाथांची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते. लहानपणी दिंडीला पाणी द्यायला आम्ही रस्त्यावर उभे राहायचो. वारकरी कुठे थोडे पोहे घ्यायचा, कुठे चहा, कुठे केळं, आणि लगेच पुढे निघायचा. एका जागी पोट भरून कुणी चालत नसे आणि उपाशीही कुणी चालत नसे. थोडं थोडं आणि वरचेवर, हीच लांबच्या वाटेची रीत.

तुझ्या मळमळीचं कारणही त्यातच आहे. धावताना रक्त पायांकडे आणि घामासाठी कातडीकडे वळतं, पोटाच्या वाट्याला फार कमी येतं. अशा वेळी तू दीड तास काही न खाता अख्खं केळं एकदम घेतेस, मग पोट ते स्वीकारत नाही. घड्याळात दर 25 मिनिटांचा गजर लाव. भूक लागो न लागो, दोन घास खायचे. तासाला 30 ग्रॅम कर्बोदकांपासून सुरुवात कर आणि पोट मानेल तसं 60 पर्यंत जा. एका मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम असतात, मुठीएवढ्या उकडलेल्या बटाट्यातही जवळपास तेवढेच, आणि गुळाच्या 30 ग्रॅमच्या खड्यात जवळजवळ सगळेच. बटाट्याला मीठ लावून घे; गोडाचा वीट येतो तेव्हा तोच उतरतो. चढावर चालत असशील तेव्हा खा, उतारावर नको. आतडंही सरावानं तयार होतं. पहिले तीन रविवार हेच पदार्थ, याच वेळांनी खाऊन बघ. चौथ्याला थोडंच पळ आणि विसावा घे. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही तोंडात घालायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

गुळाबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. आतड्याला ग्लुकोज आत घेण्याचं एक दार असतं आणि फ्रुक्टोजचं दुसरं. ग्लुकोजच्या दारातून तासाला साधारण 60 ग्रॅमच आत जातं, उरलेलं पोटात साचून ढवळतं. उसाच्या, म्हणजे गुळातल्याही, साखरेत दोन्ही निम्मे-निम्मे असतात, म्हणून दोन्ही दारं कामाला लागतात. आणि ग्लुकोजचं दार मिठाच्या सोबतीनं उघडतं. मीठ, ग्लुकोज आणि त्यांच्यामागोमाग पाणी, असे तिघे आत जातात. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर मीठ-साखरेचं पाणी ड्रमात कालवून लोकांना पाजलं आणि हजारो जीव वाचवले. तुझ्या बाटलीत लिंबू, गूळ आणि मीठ घालताना त्या माणसाची आठवण ठेव. लिटरभर पाण्यात 60 ग्रॅम गूळ आणि पाव चमचा मीठ पुरे. त्याहून घट्ट केलंस तर पोटात डचमळेल.

आता पाणी. यात मी स्वतः चुकलो आहे, म्हणून नीट वाच. काही वर्षांपूर्वी एका लांब शर्यतीत मी प्रत्येक टेबलावर थांबून दोन-दोन ग्लास साधं पाणी प्यायलो. तहान लागण्याआधीच प्यावं, असं तेव्हा सगळेच सांगायचे. शेवटी शेवटी बोटं सुजली, अंगठी रुतली, डोकं जड झालं, उलट्या झाल्या. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी प्यायलो. घरी येऊन काट्यावर उभा राहिलो तर सकाळपेक्षा किलोभर वजन जास्त. पाच तास घाम गाळून माणसाचं वजन वाढतं कसं? ते सगळं पाणी होतं आणि त्यात रक्तातलं मीठ पातळ झालं होतं. लांब धावताना शरीर पाणी धरून ठेवतं, लघवीवाटे सोडत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे 90 किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीतल्या धावपटूंवरून डॉ. टिम नोक्स यांनी जास्त पाणी पिण्याचा हा धोका 1985 साली लिहून ठेवला होता. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्के लोकांचं सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, घसरलेलं निघालं, तिघांचं तर जिवावर बेतेल इतकं. त्याच शर्यतीत एका तरुण मुलीचा जीवही गेला. सावकाश धावणाऱ्यांना आणि लहान चणीच्यांना हा धोका जास्त. तुझ्यात दोन्ही आहे.

म्हणून खाणं घड्याळावर आणि पाणी तहानेवर, एवढी एकच गोष्ट गाठीशी बांध. एका रविवारी तासभर पळण्याआधी आणि नंतर वजन कर. जेवढं उतरलं, अधिक वाटेत प्यायलीस तेवढं, मिळून तुझा तासाचा घाम. तो सगळा भरून काढायचा नाही. थोडं वजन उतरलेलंच बरं. टोपीवर पांढरे पट्टे उठत असतील तर तुझ्या घामात मीठ जास्त आहे, मग बटाट्याचं मीठ वाढव. आणि पाय दुखले म्हणून वाटेत वेदनाशामक गोळी घेऊ नकोस. त्या वेळी मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो. लघवी चहाच्या रंगाची झाली तर धावणं थांबव आणि सरळ डॉक्टरांकडे जा.

तहानेवर प्यायचं म्हणतो खरा, पण तहान लागूनही न पिणं मी घरात पाहिलेलं आहे. तुझ्या आजीने 17 हंगाम ऊस तोडला. दसरा झाला की मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फेडायला आजोबा आणि ती, जोडप्याचा मिळून एक कोयता, साखर कारखान्याच्या पट्ट्यात जायचे. पहाटे 3 ला उठून भाकरी थापायची, 4 ला फडात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, पुन्हा खाली, पुन्हा वर. तुझं-माझं पळणं हौसेचं आहे. तिचं सहा-सहा महिन्यांचं होतं आणि त्याला पदक नव्हतं. ती सकाळी दोन घोट पाणी प्यायची ते थेट अंधार पडल्यावर. फडात बाईला बसायला जागा नव्हती, म्हणून तहान मारायची. कळशी शेजारी असायची. मूत्रमार्गाच्या जळजळीने ती रात्र रात्र बसून काढायची, हे मी लहानपणी बघितलं आणि तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली विधिमंडळात गेला, चौकशी समिती नेमली गेली. त्या बातम्या वाचताना मला आजीची ती भरलेली कळशीच दिसत होती.

तू मागे सांगितलंस, की रात्रीच्या सरावाला निघताना तू पाणी कमी पितेस, कारण वाटेत जायला जागा नसते. तेव्हा मी काही बोललो नाही, आज बोलतो. ही सवय तुझ्यापर्यंत येता कामा नये. वाटेवरची सोय आधी बघून ठेव, मैत्रिणींबरोबर सराव कर, आयोजकांना स्पष्ट विचार. ते मागणं तुझा हक्क आहे, त्यात लाज नाही.

आदल्या संध्याकाळी भाकरी नको, वरण-भात खा. भाकरीवर आपण वाढलो, पण तिचा कोंडा त्या रात्री पोटाला जड जाईल. ठेचाही नको. निघण्याआधी तीन तास थोडे पोहे किंवा केळं, आणि चहा रोजचा असेल तर चहा.

काल आजीला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ ऐकत होती. मग उठून तिने गूळ फोडला, 30-30 ग्रॅमच्या 14 पुड्या बांधायला घेतल्या आणि घरच्या काट्यावर प्रत्येक पुडी दोनदा तोलली. ज्या उसाने तिचं कंबरडं मोडलं, त्याचाच हा गूळ नातीच्या पायांना बळ देणार, असं मी म्हणालो. ती काही बोलली नाही. शर्यत संपल्यावर खायला दुधातल्या दशम्या करून देणार आहे, त्या आणि पुड्या एसटीने येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवतो.

पुड्या बांधून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "पळायच्या वाटेवर बायांना आडोसा हाय का?"

मी म्हटलं, ताईला विचारून सांगतो. तेव्हा आयोजकांकडून माहिती घे, कोणत्या किलोमीटरला काय सोय आहे ते कागदावर लिही आणि मला कळव. तिला वाचून दाखवायचं आहे.

तुझा,
मामा